मायर्स-ब्रिग्ज चाचणीवरून कामाची योग्यता ठरत नाही

‘मायर्स-ब्रिग्ज चाचणी घ्या, कोण कोणत्या कामाला योग्य ते लगेच कळेल,’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी घडवलेली ही प्रश्नावली माणसांना स्वभावाच्या 16 प्रकारांत बसवते. ती कल सांगते, कौशल्य नाही. नोकरभरतीसाठी ती वापरू नका, असं खुद्द प्रकाशकच सांगतात. गुण काठावर असतील, तर एखादं उत्तर बदललं की अंतर्मुख माणूस बहिर्मुख ठरू शकतो. तेवढ्यावरून कुणाचं काम काढून घेणं हा सरळसरळ अन्याय आहे. योग्यता पाहायचीच तर कामाचा नमुना द्या: चिडलेल्या ग्राहकाचं पत्र हातात ठेवा आणि उत्तर लिहायला सांगा. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, गुण आधी ठरवलेल्या निकषांवर द्या. आणि काम जमत नसेल, तर ते नीट शिकवलं होतं का, हे आधी तपासा.