अमेरिकेत ‘यादवी अटळ’ असल्याचा दावा आणि खरा धोका

अमेरिकेत एखादा राजकीय खून झाला किंवा मोठा मोर्चा निघाला की एक मजकूर मराठी गटांमध्ये फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. तेथील आंदोलने म्हणजे जाळपोळ आणि लुटालूट; अर्धा देश उरलेल्या अर्ध्याचा वैरी झाला असून यादवी युद्ध अटळ आहे; सारी हिंसा एकाच बाजूची आहे (ती बाजू कोणती, हे पाठवणाऱ्याच्या कलावर ठरते); निवडणुका आणि न्यायालये विकली गेली आहेत; आणि लोकांचा कोणत्याही संस्थेवर विश्वास उरलेला नाही. ज्यांची मुले-नातवंडे न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहतात, त्यांची झोप हा मजकूर उडवतो. ज्यांचे तिकडे कोणी नाही, त्यांना तो लोकशाही निकालात निघाल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. या विधानांपैकी बहुतेकांत सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ती एकेक करून तपासणे गरजेचे आहे. माझा मुख्य आक्षेप असा आहे की हा दावा धोका भलत्याच ठिकाणी दाखवतो, आणि त्यामुळे जेथे तो खरोखर आहे तेथे कोणाचे लक्ष जात नाही.

आंदोलन म्हणजे जाळपोळ, या विधानाला आधार दिला जातो तो 2020 सालाचा. 25 मे 2020 रोजी मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि तीन दिवसांनी, 28 मेच्या रात्री, जमावाने शहरातील तिसऱ्या विभागाचे पोलीस ठाणे पेटवले. लेक स्ट्रीटवरची अनेक दुकाने जळाली आणि त्यांत स्थलांतरित कुटुंबांनी उभे केलेले छोटे व्यवसायही होते. देशभरात विमा कंपन्यांना भरून द्यावे लागलेले नुकसान एक ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. अमेरिकेच्या विमा इतिहासात दंगलींमुळे झालेले एवढे नुकसान पूर्वी नोंदले गेले नव्हते. हे सारे खरे आहे आणि त्याला ‘लोकांचा उद्रेक’ म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. परंतु जगभरातील संघर्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ॲक्लेड’ या संस्थेने 26 मे ते 22 ऑगस्ट 2020 या काळातील ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या चळवळीची 7,750 हून अधिक निदर्शने मोजली. ती 2,440 हून अधिक ठिकाणी झाली आणि त्यांपैकी 93 टक्क्यांहून अधिक निदर्शने शांततेत पार पडली. हिंसाचार झालेल्या ठिकाणांची संख्या 220 पेक्षा कमी होती. हा आकडाही लहान नाही, तरीही ‘सगळीकडे’ आणि ‘दहा ठिकाणांपैकी एकाहून कमी’ यांत मोठे अंतर आहे.

जून 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या बाबतीत हेच घडले. स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, चालकाविना धावणाऱ्या काही वेमो गाड्या पेटवल्या गेल्या आणि त्या जळत्या गाड्यांची दृश्ये दिवसरात्र दाखवली गेली. केंद्र सरकारने ‘नॅशनल गार्ड’ या राखीव दलाचे सुमारे 4,000 सैनिक आणि 700 मरीन सैनिक तैनात केले. महापौर कॅरन बास यांनी रात्रीची संचारबंदी लावली ती मध्यवर्ती भागातील सुमारे एक चौरस मैल क्षेत्रापुरती, आणि हे शहर जवळपास 500 चौरस मैलांवर पसरलेले आहे. त्या एका मैलाबाहेर शाळा, कचेऱ्या, बाजार नेहमीप्रमाणे चालू होते. पुढे 18 ऑक्टोबर 2025 रोजी ‘नो किंग्ज’ या नावाने ट्रम्प यांच्या विरोधात देशभर मोर्चे निघाले. न्यूयॉर्क शहरात एक लाखाहून अधिक लोक उतरले आणि निदर्शनांशी संबंधित एकही अटक झाली नाही, असे खुद्द तेथील पोलीस खात्याने जाहीर केले. ही बातमी किती मराठी गटांत फिरली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता यादवीचा मुद्दा. 1861 ते 1865 या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्या युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये संघराज्यातून बाहेर पडली होती. त्यांच्याकडे स्वतःची सरकारे, सीमा आणि सैन्ये होती. आजचे मतभेद अशा सीमेवर उभे नाहीत. 2020 च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वाधिक मते कोणत्या राज्यात मिळाली? त्यांचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या टेक्ससमध्ये नव्हे, तर कॅलिफोर्नियात. तेथे त्यांना 60 लाखांहून अधिक मते पडली. त्याच निवडणुकीत जो बायडन यांना न्यूयॉर्क राज्यापेक्षा टेक्ससमध्ये किंचित अधिक मते मिळाली. ‘लाल’ (रिपब्लिकन) आणि ‘निळी’ (डेमोक्रॅटिक) राज्ये दाखवणारा नकाशा निकाल सांगण्यापुरता ठीक आहे, पण माणसे कोठे राहतात हे त्यावरून कळत नाही. दोन्ही पक्षांचे मतदार एकाच राज्यात, बहुतेकदा एकाच गल्लीत आणि पुष्कळदा एकाच घरात राहतात.

‘अर्धा देश अर्ध्याचा वैरी’ हे म्हणणेही असेच सैल आहे. गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या 2024 च्या पाहणीत 43 टक्के अमेरिकनांनी स्वतःला कोणत्याही पक्षाचे न म्हणता अपक्ष म्हटले. त्यांतील बरेच जण मतदानाच्या दिवशी एका पक्षाकडे झुकतात हे खरे, परंतु पक्षाचे नावही लावून न घेणारा माणूस त्या पक्षासाठी शस्त्र उचलेल असे मानायला आधार नाही. एकमेकांबद्दलचा राग वाढला आहे, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. तो राग ज्या चित्रावर पोसला जातो, ते चित्र मात्र बरेचसे खोटे आहे. डग्लस अहलर आणि गौरव सूद या अभ्यासकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना विचारले होते की रिपब्लिकन समर्थकांपैकी किती जणांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख डॉलरहून अधिक असेल. लोकांचा सरासरी अंदाज 38 टक्के निघाला. प्रत्यक्षात ते प्रमाण सुमारे 2 टक्के होते. डेमोक्रॅटिक समर्थकांपैकी किती जण समलिंगी किंवा उभयलिंगी असतील, याचा अंदाज 32 टक्के आला, तर खरे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास होते.

मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, इतका कडवटपणा का दिसतो? याचे एक मोठे कारण मतदारसंघांच्या रचनेत आहे. प्रतिनिधिगृहाच्या 435 जागांपैकी बहुतेक जागा कोणत्या पक्षाकडे जाणार हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते. तेथे मोजकेच आणि बहुधा अधिक कट्टर मतदार येतात. अशा जागेवरील प्रतिनिधीला विरोधी पक्षापेक्षा स्वपक्षातील अधिक जहाल प्रतिस्पर्ध्याची भीती असते आणि तडजोड करणे त्याला परवडत नाही. 2025 मध्ये टेक्ससने दहा वर्षांच्या जनगणनेची वाट न पाहता मतदारसंघांच्या सीमा रिपब्लिकन पक्षाच्या सोयीने नव्याने आखल्या आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीचा नकाशा मंजूर केला. दोन्हींमुळे चुरशीच्या जागा आणखी घटणार. जनतेत जेवढी फूट आहे तिच्यापेक्षा कितीतरी मोठी फूट सभागृहात दिसते ती अशा व्यवस्थेमुळे, आणि ही व्यवस्था माणसांनी केलेली असल्यामुळे ती बदलताही येते.

हिंसा एकाच बाजूची, या विधानाबाबत मी फार शब्द खर्च करणार नाही, कारण घटनाक्रमच पुरेसा आहे. 2017 मध्ये बेसबॉलच्या सरावासाठी जमलेल्या रिपब्लिकन खासदारांवर गोळीबार होऊन स्टीव्ह स्कॅलीस गंभीर जखमी झाले. 2018 मध्ये डेमोक्रॅटिक नेत्यांना टपालाने बाँब पाठवण्यात आले. 2022 मध्ये डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्या पतीवर घरात घुसून हातोड्याने हल्ला झाला. 13 जुलै 2024 रोजी बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्या हल्लेखोराचा राजकीय हेतू तपासातून स्पष्ट झाला नाही. एप्रिल 2025 मध्ये पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॉश शपिरो कुटुंबासह झोपलेले असताना त्यांचे सरकारी निवासस्थान पेटवले गेले. 14 जून 2025 रोजी मिनेसोटाच्या डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली. 10 सप्टेंबर रोजी युटामधील विद्यापीठात बोलत असताना उजव्या विचारांचे चार्ली कर्क मारले गेले. सीएसआयएस या संस्थेच्या सप्टेंबर 2025 मधील अहवालानुसार आधीच्या दहा वर्षांत उजव्या अतिरेक्यांच्या हल्ल्यांत 112, तर डाव्यांच्या हल्ल्यांत 13 जण मारले गेले. त्याच अहवालाने असेही नोंदवले की 2025 च्या पूर्वार्धात डाव्यांच्या हल्ल्यांची संख्या तीस वर्षांत प्रथमच उजव्यांपेक्षा अधिक झाली, अर्थात ती संख्या अगदीच लहान होती. ज्याला आपल्या सोयीचे वाक्य उचलायचे आहे, त्याला या एकाच अहवालात दोन्ही बाजूंची वाक्ये सापडतात. प्रामाणिक माणसाने दोन्ही सांगितली पाहिजेत.

निवडणुका विकल्या गेल्या, या आरोपावर मात्र थांबायला हवे, कारण मला तो या साऱ्या मजकुरातील सर्वांत घातक भाग वाटतो. 2020 च्या निकालाविरुद्ध 60 हून अधिक दावे दाखल झाले आणि त्यांतला एकही निकाल फिरवू शकला नाही. दावे फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीश होते. त्यांपैकी स्टेफानोस बिबास यांनी निकालपत्रात सांगितले की निवडणूक अन्याय्य होती असे नुसते म्हटल्याने ती अन्याय्य ठरत नाही. त्यासाठी नेमके आरोप आणि नंतर पुरावा लागतो, आणि येथे दोन्ही नाहीत. जॉर्जियात बायडन यांची आघाडी फार थोडी होती (अंतिम निकालात ती 12 हजारांहूनही कमी ठरली), तेथे सुमारे 50 लाख मतपत्रिका हातांनी मोजण्यात आल्या. प्रत्येक टेबलावर दोघे जण बसत. पहिला मतपत्रिका उचलून तीवरचे नाव मोठ्याने वाचे, दुसरा ती पुन्हा पाहून खात्री करे आणि मगच त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवी. पक्षांचे निरीक्षक उभे राहून हे पाहत असत. निकाल तोच राहिला. निवडणुकांची जबाबदारी असलेले राज्याचे सचिव ब्रॅड राफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन होते. 2 जानेवारी 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना दूरध्वनी करून 11,780 मते ‘शोधून’ काढायला सांगितले आणि त्यांनी नकार दिला.

याच जॉर्जियात, फुल्टन काउंटीमध्ये मतमोजणीचे काम करणाऱ्या मायलेकींवर आरोप झाला की चित्रफितीत त्या एकमेकींना गुपचूप यूएसबी देताना दिसतात. आईने मुलीला दिली होती ती आल्याची गोळी, असे मुलीने काँग्रेसच्या समितीसमोर शपथेवर सांगितले. तोपर्यंत धमक्यांमुळे आईला राहते घर सोडावे लागले होते. 2023 मध्ये ज्यूरीने हा आरोप पसरवणारे ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांना 14 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. फॉक्स न्यूजने मतदान यंत्रांबद्दलच्या खोट्या बातम्यांवरून झालेला दावा मिटवण्यासाठी डोमिनियन कंपनीला 78 कोटी 75 लाख डॉलर दिले. ‘सगळे विकले गेले’ असा मजकूर पुढे पाठवताना आपण नेमका कोणाच्या बाजूने उभे राहतो, हे या दोन खटल्यांकडे पाहून ठरवावे.

न्यायालयांबाबतचा अविश्वास मात्र सरसकट खोडून काढण्याजोगा नाही. सर्वोच्च न्यायालयावर मोठा विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण गॅलपच्या पाहणीत 2022 मध्ये 25 टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका धनाढ्य मित्राकडून स्वीकारलेल्या सहलींची माहिती उघड झाली. न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये आचारसंहिता जाहीर केली खरी, पण ती मोडणाऱ्यावर कारवाई कोण करणार याची तरतूद तीत नाही. अशा वेळी नागरिकांनी शंका घेणे रास्तच आहे.

आणि विश्वासाचे हे ढासळणे नवे नाही. प्यू संशोधन केंद्राच्या नोंदींनुसार केंद्र सरकारवर बहुतांश वेळा विश्वास ठेवणारे अमेरिकन 1964 मध्ये 77 टक्के होते; व्हिएतनाम युद्धातील खोटेपणा आणि वॉटरगेट यांनंतर सत्तरच्या दशकाअखेर ते साधारण एक चतुर्थांश उरले. 2024 मध्ये ते 22 टक्के होते. म्हणजे बरीचशी पडझड पन्नास वर्षांपूर्वीच झाली होती. फरक आहे तो त्या अविश्वासाचे पुढे काय केले गेले यात. त्या वेळी काँग्रेसने सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीमार्फत गुप्तचर संस्थांची चौकशी केली, माहितीच्या अधिकाराचा कायदा बळकट केला, 1978 मध्ये सरकारी खात्यांवर नजर ठेवण्यासाठी महानिरीक्षकांची पदे निर्माण केली. लोकांचा संशय कायद्यात उतरवला गेला.

आता काय घडले ते पाहावे. 6 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प समर्थकांनी कॅपिटॉल या संसद भवनावर केलेल्या हल्ल्यात सुमारे 140 पोलीस जखमी झाले. न्यायालयांनी चार वर्षे खपून एकेका आरोपीचा खटला चालवला आणि शिक्षा दिल्या. 20 जानेवारी 2025 रोजी पदावर परतताच ट्रम्प यांनी सुमारे 1,500 जणांना माफी दिली, त्यांत पोलिसांना मारहाण करणारेही होते. चारच दिवसांनी, एका रात्रीत, सुमारे 17 महानिरीक्षकांना काढून टाकण्यात आले. कायद्यानुसार काँग्रेसला तीस दिवस आधी कारणांसह कळवणे बंधनकारक होते, ते केले गेले नाही. सप्टेंबरमध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ही बडतर्फी बेकायदा ठरवली, तरी त्या अधिकाऱ्यांना पुन्हा पदावर बसवले नाही. यादवीची भीती घालणाऱ्या मजकुरात या माफीचा आणि या बडतर्फीचा उल्लेख मला कधी आढळला नाही. जळती गाडी लगेच दिसते, तपासणी अधिकाऱ्याची रिकामी खुर्ची दिसत नाही. परंतु टेक्ससमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांची काळजी करणाऱ्याने त्या खुर्चीबद्दल विचारले पाहिजे.