पीयूसी पास, पण ब्रेक घासतोय

पीयूसीचा कागद हातात पडला की आपली दुचाकी स्वच्छ, असं समजून लोक मोकळे होतात. पण सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजतात ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा हिशोब. कार्बन डायऑक्साइड किती गेला, ते त्यावरून कळत नाही. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर मोनॉक्साइडचाच डायऑक्साइड करून सोडतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो डायऑक्साइड बाहेर पडणारच. कमी करायचा तर पेट्रोलच कमी जाळायचं.

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत पेट्रोल फुकट जाण्याची एक ठरलेली जागा आहे. चेन सैल पडली की मागच्या ॲक्सलचा नट ढिला करून चाक मागे ओढतात. चाक सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो आणि लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमला टेकतात. रॉडच्या टोकाचा नट थोडा मागे घ्यायचा असतो, नेमकं तेच घाईत राहतं. मग ॲव्हरेज पडलं की बोंब पंपवाल्याच्या नावाने! गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावा, मागचं चाक हाताने जोरात फिरवा. खसखस करत अर्ध्या फेरीत थांबलं, तर ब्रेक धरतोय. पेडल दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं दबलं पाहिजे.

चेनचा ढिलेपणा, म्हणजे ती वर-खाली किती हलते ते, खालच्या बाजूला मधोमध बघायचा. शंभर-सव्वाशे सीसीला साधारण 20 ते 30 मिलिमीटर. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा आणि सगळ्यात घट्ट जागेचं माप धरा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. इंजिनातलं जळकं ऑइल चेनला लावू नका, त्यात धातूचा कीस असतो. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं.

हवा सकाळी, टायर गार असताना. चालवून आल्यावर गेज दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवतं. आकडा गाडीवरच्या स्टिकरचा, पंपावरच्या पोराच्या अंदाजाचा नव्हे. नायट्रोजनला पैसे घालवू नका.

एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारून उपयोग नाही, कागद खराब होतो. तो बदलायचाच.

फरक मोजताना मीटरवरच्या सरासरीवर जाऊ नका. त्याच पंपावर, गाडी मेन स्टँडवर लावून, टाकी दोन्ही वेळा त्याच खुणेपर्यंत भरा. मध्ये निदान तीनशे किलोमीटर जाऊ द्या, नाहीतर भरतानाचा पाव लिटरचा फरकच सगळं गणित बिघडवतो.