'७२ तासांत सगळं वदवून घ्या' हा मेसेज चुकीचा आहे

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'अपघात, पूर, मृत्यू पाहिलेल्या माणसाकडून ७२ तासांत सगळं वदवून घ्या, नाहीतर धक्का कायमचा मनात बसतो.' कृपया हा पुढे पाठवू नका.

घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं सांगायला लावण्याची पद्धत एकेकाळी खरंच रूढ होती. पण तिने पुढचा त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलं नाही. काहींचा उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात मगरींच्या विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा भेटायला येणारा जो तो "पाणी कुठवर आलं होतं? मगर दिसली का?" हेच विचारायचा. तेच तेच सांगून माणूस थकतो हो! त्यापेक्षा डबा घेऊन जा, ओल्या गाद्या उचलायला हात लावा, शेजारी बसा. तो आपणहून बोलू लागला तर मध्येच न तोडता ऐका. गप्प राहिला तर राहू द्या.

बोलून उपयोग नसतो, असं मात्र मुळीच नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, झोप उडाली असेल, पाऊस लागला की छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथे बोलणं टप्प्याटप्प्याने, पेशंटच्या कलाने होतं आणि त्याने खरोखर बरं वाटतं. जीव द्यावासा वाटत असेल तर महिनाभर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर आत्ताच फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.