मुलं नको असतील तर जाहिरातीत "शाळा जवळ" लिहिता कशाला?

आज परत तेच झालं. घर बघितलं, आवडलं, भाडं बजेटच्या वर होतं तरी मी मनातल्या मनात ओढूनताणून बसवलं, आणि निघता निघता मालकांनी विचारलं घरात कोण कोण असतं. मी म्हटलं आम्ही दोघं आणि दोन मुलं, मोठी आठ वर्षांची, धाकटा पाचचा. झालं, चेहराच बदलला. "अच्छा, मुलं आहेत का... नाही म्हणजे, भिंती आत्ताच रंगवल्यात हो." तासाभरात ब्रोकरचा मेसेज, घर गेलं. आणि ज्या जाहिरातीवरून मी तिथे गेले होते त्यातली पहिली ओळ काय होती? चांगली शाळा चालत पाच मिनिटांवर! अहो मग त्या शाळेत जातं कोण? शाळेच्या नावावर भाडं वाढवून घ्यायचं आणि शाळेत जाणारं पोर मात्र घरात नको, हा कुठला न्याय आहे?

सात महिने झाले. २३ घरं प्रत्यक्ष बघितली, फोनवरच "फॅमिली केवढी आहे" विचारून कटवलं ती वेगळी. मला महाल नकोय. दोन खोल्या, पाणी, कडी नीट लागेल असा दरवाजा, मुलीला एकटीला खाली पाठवता येईल असा एरिया आणि जिथे शिक्षक वर्गात येतात अशी शाळा, एवढंच मागतेय. पण भाडं परवडतं तिथली शाळा धड नाही, शाळा चांगली तिथलं भाडं ऐकवत नाही, आणि जिथे शाळा पण बरी आणि भाडं पण आवाक्यात, तिथे अंधार पडल्यावर बाहेर पडायची भीती वाटते.

एरिया सेफ आहे का असं विचारलं की प्रत्येक जण न चुकता "एकदम सेफ" म्हणतो. म्हणून आता मी प्रत्येक ठिकाणी दोनदा जाते, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. परवाचं घर दुपारी इतकं छान वाटलं होतं की मी तिथेच हो म्हणणार होते. रात्री गेले तर जिन्यातले तिन्ही दिवे बंद, खालचा मेन दरवाजा नुसता टेकवलेला, आणि बसस्टॉपपासून घरापर्यंतच्या गल्लीत एक बाई दिसली नाही मला. एकही नाही. बायका दिसत नाहीत त्या रस्त्याबद्दल मला आणखी कुणाला काही विचारायची गरज वाटत नाही. आणि सेफ म्हणजे काय फक्त चोऱ्यामाऱ्या? एका घरासमोर चार लेनचा रस्ता, फूटपाथ नाही, सिग्नल नाही, आणि शाळा रस्त्याच्या पलीकडे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ वर्षं वयात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहेत, आणि हा माणूस मला सांगतो "अहो सगळी मुलं पळत जातात पलीकडे". पळत! पाच वर्षांचा मुलगा आहे माझा.

मग लोकांचे सल्ले. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेव. हा आकडा आला कुठून म्हणून शोधलं तर अमेरिकेत सरकारी घरांमधल्या भाडेकरूंसाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती १९८१ मध्ये ३० केली. म्हणजे मूळ नियम असा की गरीब माणसाकडून यापेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, बंधन घर देणाऱ्यावर होतं, आणि आज तोच आकडा घर शोधणाऱ्याला ऐकवतात, जणू भाडं मी ठरवते. मी ३० टक्क्यांत शोधलं, सापडलं नाही, मग ३५, मग ४०, आता चाळीसच्या पण पुढे गेलेय आणि त्यात डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवायचा खर्च धरलेलाच नाही.

दुसरा सल्ला, थोडं लांब बघ, स्वस्त मिळेल. बघितलं ना लांब पण! भाड्यात जे वाचतं ते प्रवासात जातं, वर रोजचे दोन-अडीच तास जातात, आणि शाळा दुपारी सुटते तेव्हा मुलांना घ्यायला कोण जाणार हे कुणी सांगत नाही. म्हणजे परत एक माणूस पैसे देऊन ठेवा. कुठे वाचलं?

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त डाचते. सगळे म्हणतात सरकारी शाळा फुकट असते, तिथली चांगली शाळा बघून टाक, फीचे पैसे वाचतील. कसले वाचतील? जिथे घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते तिथे ती फी भाड्यातच भरावी लागते. बॉस्टनच्या उपनगरांचा एक अभ्यास १९९९ मध्ये छापून आलाय, त्यात दोन शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं घेतली होती, म्हणजे वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. तर शाळेचे मार्क ५ टक्क्यांनी जास्त असले की लोक घरासाठी साधारण अडीच टक्के जास्त मोजतात असं निघालं. ती विकत घ्यायची घरं होती, पण भाड्याचं पण हेच चाललंय, मी रोज बघतेय. शाळेचं नाव झालं की बाजूच्या प्रत्येक घराचं भाडं चढतं, ज्या मालकाने शाळेसाठी एक खडू पण दिलेला नाही तो पण वाढवतो, आणि मग त्या शाळेत ज्यांना परवडतं त्यांचीच मुलं जातात.

मावशी म्हणते, "अगं, मुलं कुठेही वाढतात, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस." नाही गं मावशी, नाही वाढत कुठेही. अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत राहायला जाता यावं म्हणून भाड्यासाठी मदत दिली होती. त्यातून जी मुलं १३ वर्षांच्या आत असताना खरंच तिकडे गेली, त्यांची कमाई पंचविशीच्या आसपास इतरांपेक्षा ३१ टक्के जास्त निघाली. मोठेपणी गेलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. माझी मुलगी आठची आहे, म्हणजे माझ्याकडे थांबायला वेळ नाहीये, आणि इथे माझे सात महिने लोकांच्या रंगवलेल्या भिंती बघण्यात गेलेत.

वर शाळेचं वेगळंच. अ‍ॅडमिशनला पत्त्याचा पुरावा आणा, अ‍ॅग्रीमेंट दाखवा. अ‍ॅग्रीमेंट करायचं तर आधी डिपॉझिट भरा. डिपॉझिट भरून बसले आणि जागा भरल्या म्हणाले तर? ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणे "ते आम्ही नाही सांगू शकत". मग मी कुणाला विचारू? आणि समजा सगळं जमलं, तरी वर्षाने भाडं वाढवून मालक म्हणाले परवडत नसेल तर सोडा, की मुलांची शाळा, मैत्रिणी, सगळं परत पहिल्यापासून. मोठीने आत्ताच विचारलंय, "आई, नवीन शाळेत पण आपण थोडेच दिवस राहणार का?" काय उत्तर देऊ तिला?

बाकी काही जमत नसेल तर निदान जाहिराती तरी खऱ्या लिहा. मुलं चालत नसतील तर तसं लिहा, वाचून राग येईल पण माझा रविवार तरी वाचेल. फोटो त्याच घराचे टाका. घर गेलं असेल तर जाहिरात काढा, "ते गेलं, पण दुसरं दाखवतो" म्हणून दीडपट भाड्याच्या घरात नेऊन उभं करू नका. डिपॉझिट किती, वर्षाला वाढ किती, जिन्यात दिवा लागतो का, शाळा "जवळ" म्हणजे कुठली आणि मधे रस्ता कसला आहे ते लिहा. आणि भिंतींची एवढी काळजी असेल तर रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घ्या, मी लिहून द्यायला तयार आहे, आजच्या मालकांना पण हेच सांगितलं होतं मी, त्यांनी फोनच उचलला नाही परत.