श्ल्यूटरचा मनोरा आणि राजकोटचा पुतळा

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एकाने सरकारला धारेवर धरलं, दुसऱ्याने वाऱ्याला. मी बर्लिनला राहतो म्हणून मला वेगळा प्रश्न आला: "तुमच्या जर्मनीत असं झालं असतं का?" आता तिथे नवा पुतळा उभा राहिलाय, तरी गावी गेलं की हा प्रश्न निघतोच. माझं उत्तर असं, की बर्लिनमध्ये 1706 साली जवळजवळ असंच झालं होतं, आणि ज्याच्या हातून झालं तो त्या काळातला या शहरातला सर्वांत मोठा शिल्पकार होता.

त्याचं नाव आन्द्रेआस श्ल्यूटर. वॉर्सात काम करत असताना 1694 मध्ये ब्रांडेनबुर्गचा शासक फ्रीडरिश याने त्याला दरबारी शिल्पकार म्हणून बर्लिनला बोलावून घेतलं. हाच फ्रीडरिश पुढे 1701 मध्ये प्रशियाचा पहिला राजा झाला. दरबारी शिल्पकाराचं काम मालकाचा मोठेपणा दगडात आणि धातूत उभा करण्याचं. श्ल्यूटरने ते केलं, पण त्याच्या पहिल्या मोठ्या कामात त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे.

उंटर डेन लिंडेन रस्त्यावर राजाचं शस्त्रागार आहे. बाहेरच्या भिंतींवर शिरस्त्राणं, विजयचिन्हं, सगळा थाट. आतल्या चौकात मात्र खिडक्यांच्या कमानींवर श्ल्यूटरने 22 मुखवटे बसवले, मरणाऱ्या योद्ध्यांचे. नुसती मुंडकी. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचे अर्धवट उघडे, ओठ विलग झालेले, केस कपाळावर विस्कटलेले. एकेका चेहऱ्यापुढे उभं राहिलं की लक्षात येतं, इथे शत्रू आणि आपला असा भेद राहत नाही, माणूस मरतोय एवढंच दिसतं. विजयाच्या इमारतीत, राजाच्या पैशाने, हे करायला धैर्य लागतं आणि हातात कमालीची कला लागते. तो चौक आज काचेच्या छताखाली आहे आणि श्ल्यूटरच्याच नावाने ओळखला जातो. बर्लिनला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी तिथे जायला सांगतो, ब्रांडेनबुर्ग गेटच्याही आधी.

त्यानंतरचं त्याचं मोठं काम म्हणजे राजाच्या वडिलांचा अश्वारूढ पुतळा. 1700 मध्ये योहान याकोबी या ओतारीने घोडा आणि स्वार एकाच ओतकामात काढला. राजवाड्याजवळच्या पुलावर त्याचं अनावरण झालं ते 1703 मध्ये, आणि चौथऱ्याभोवतीचे साखळदंडातले चार बंदिवान पूर्ण व्हायला त्यानंतरही काही वर्षं गेली. (ज्याचा हा पुतळा, त्या फ्रीडरिश विल्हेल्मच्या कंपनीने आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार केला. त्यामुळे त्या साखळदंडांकडे आज सहज बघवत नाही, आणि ते योग्यच आहे.) दुसऱ्या महायुद्धात हलवलेला हा पुतळा परत आणताना 1947 मध्ये बोटीसकट टेगेलच्या पाण्यात बुडाला, 1949 मध्ये वर काढला गेला, आणि आता शार्लोटेनबुर्ग राजवाड्यासमोर उभा आहे.

आता मनोरा. श्ल्यूटरला राजवाड्याचं बांधकामही दिलं होतं, आणि त्याच्या बाजूला पाणी पुरवणाऱ्या जुन्या बुरुजावर शंभर मीटरच्या आसपास उंच मनोरा उभारायची राजाची इच्छा होती. जमीन दलदलीची. मनोरा चढत गेला तसा कलू लागला, भेगा पडल्या, टेकू लावूनही भागेना. राजाने जाणकारांची समिती नेमली. तिने पाहणी केली आणि मनोरा पडण्याआधीच उतरवला गेला. श्ल्यूटरकडून राजवाड्याचं काम काढून घेतलं. ते ज्या एओझांडर नावाच्या वास्तुकाराला मिळालं तो त्याचा प्रतिस्पर्धी होता आणि त्या समितीतही होता, म्हणजे दरबारातली चुरस तेव्हाही कमी नव्हती. पण शिल्पकाम श्ल्यूटरकडेच राहिलं. 1713 मध्ये राजा वारला तेव्हा त्याची शवपेटी श्ल्यूटरनेच घडवली, शिशा-कथिलाची, अप्रतिम. ती बर्लिनच्या डोममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, आहे. मग तो रशियाच्या पीटर द ग्रेटकडे सेंट पीटर्सबर्गला गेला आणि 1714 मध्ये तिथेच वारला.

राजकोटला काय झालं? 35 फुटांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनी उभा राहिला, तोही काही महिन्यांच्या घाईत. 20 ऑगस्ट 2024 ला सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून कळवलं, की नट-बोल्ट गंजलेत. सहा दिवसांनी पुतळा पडला. म्हणजे धोका कुणाच्या तरी लक्षात आला होता, कागदावर आला होता. फक्त त्या कागदावर ताबडतोब हालचाल करायची सक्ती कुणावर नव्हती. पुतळा पडल्यावर मूर्तिकाराला अटक झाली, आंदोलनं झाली, माफी मागितली गेली. त्या पत्राची चर्चा चार दिवसांत मागे पडली, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

आपल्याकडचा वाद कायम उंचीवर येऊन थांबतो. अरबी समुद्रातल्या स्मारकाचं जलपूजन 24 डिसेंबर 2016 ला झालं, आणि मग उंची 192 मीटर की 210 की 212 यावरच आपण भांडत बसलो. पुतळा कुणी घडवला, कुणी ओतला, पाया कुणी तपासला हे कुणी विचारत नाही. आपल्याला हे जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनी पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी शाळेच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1928 मध्ये उभा केला. ओतकाम माझगाव गोदीत झालं, तेही एकसंध, याकोबीच्या घोड्यासारखंच. तो आजही ताठ उभा आहे. मुंबईत मोठे झालेल्या आमच्या पिढीतल्या किती जणांना करमरकरांचं नाव माहीत आहे?

राजकोटच्या नव्या पुतळ्याच्या निविदेत शंभर वर्षं टिकण्याची अट घातली गेली, हे चांगलं झालं. आता तेवढ्यावर थांबू नये. राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याची दर काही वर्षांनी तपासणी व्हावी, अहवाल लोकांना वाचता यावा, आणि धोक्याचं पत्र आलं की किती दिवसांत काय करायचं हे लेखी ठरलेलं असावं. चौथऱ्यावर अनावरण करणाऱ्याच्या नावाखाली शिल्पकार, ओतारी आणि अभियंता यांची नावं तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरावीत. याला वेगळा निधी लागत नाही, पुढच्या निविदेत चार ओळी वाढवल्या की झालं.