'गुगलला टाका, पहिला नंबर उचला': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

अमेरिकी बँकांच्या राउटिंग नंबरवरच्या (पैसे कुठल्या बँकेत जायचे ते सांगणारा नऊ आकडी नंबर) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'मी निवृत्त बँकवाला. आयएफएससी काढायला आम्हाला अर्धा मिनिट लागतो. तुम्ही नऊ आकड्यांचं पुराण लावलंय. बँकेचं नाव गुगलला टाका, पहिला नंबर उचला, विषय संपला. मला मुलाला पैसे पाठवायचेत, पीएचडी करायची नाही.'

पुराण म्हणा, हरकत नाही. पण तो 'पहिला नंबर' कुणी उचलू नये एवढ्याचसाठी तर ते लावलं होतं.

आयएफएससीची शेवटची सहा अक्षरं शाखेची असतात. शाखा कळली की कोड कळला. राउटिंग नंबरात शाखाच नसते. तुमच्या ओळखीचा त्याचा खरा भाऊबंद म्हणजे चेकच्या तळाचा मायकर कोड. तोही नऊ आकडी. फक्त आपल्याकडे ४११ दिसलं की पुणं, पुढे बँक, मग शाखा. तिकडे पहिले चार आकडे फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, पुढचे चार बँकेचे आणि नववा पडताळणीचा. १९१० साली अमेरिकन बँकर्स असोसिएशनने चेकच्या व्यवहारासाठी हे नंबर सुरू केले आणि पुढे बँका एकमेकींत विलीन झाल्या तरी जुने नंबर चालूच राहिले. म्हणून एकाच मोठ्या बँकेचे राज्यागणिक वेगळे नंबर दिसतात. खातं न्यू जर्सीत उघडलं आणि मुलगा नोकरीसाठी डॅलसला गेला, तरी त्याचा नंबर न्यू जर्सीचाच. घराजवळच्या शाखेशी त्याचा काही संबंध नाही.

आता बँक ऑफ अमेरिकाचंच घ्या. कॅलिफोर्नियात उघडलेल्या खात्यात पगार जमा व्हायला १२१०००३५८ लागतो. त्याच खात्यात अमेरिकेतल्या अमेरिकेत वायर करायची, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पैसे पाठवायचे, तर ०२६००९५९३. सुरुवातीचा १२ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा फेडरल रिझर्व्ह जिल्हा, ०२ म्हणजे न्यूयॉर्कचा. दोन्ही नंबर खरे, दोन्ही त्याच बँकेचे. गुगल यातला कुठला आधी दाखवेल?

तुम्ही म्हणता, चुकला नंबर तर सिस्टीम अडवेलच. टाइप करताना चुकला तर अडवते, आणि फार सुरेख अडवते. चेस बँकेचा न्यूयॉर्कचा ०२१००००२१ घ्या. आकड्यांना डावीकडून ३, ७, १, पुन्हा ३, ७, १ असं गुणत जा आणि बेरीज करा: १४, १, १४, १, एकूण ३०. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला की नंबर पास. शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडले की बेरीज २४, फॉर्म लगेच लाल. पण गुगलवरून उचललेला दुसऱ्या राज्याचा नंबर या परीक्षेत ठणठणीत पास होतो, कारण तो चुकीचा नाहीच. फक्त तुमच्या मुलाच्या खात्याचा नाही. अशा वेळी पैसे परत फिरू शकतात आणि मग ते नक्की कुठे अडकलेत हे शोधत दोन बँकांच्या कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसावं लागतं. तुम्ही काउंटरच्या पलीकडून हे प्रकार पाहिलेच असतील.

छोट्या बँका किंवा क्रेडिट युनियन (तिथल्या सहकारी पतसंस्था) यांचा बहुधा एकच नंबर असतो. तिथे तुमचा अर्धा मिनिट बरोबर आहे.

डिपॉझिट स्लिपवरून नंबर घेऊ नका हे मी लिहिलं, त्यावर 'कशाला घाबरवता?' असंही तुम्ही विचारलंत. स्लिपवर कधीकधी बँकेचा अंतर्गत वापराचा वेगळाच नंबर छापलेला असतो. आयकर परताव्यासाठी तिथल्या १०४० फॉर्मवर राउटिंग नंबर ०१ ते १२ किंवा २१ ते ३२ ने सुरू व्हावा लागतो. ५ ने सुरू होणारा स्लिपवरचा नंबर तिथे चालणार नाही. चेकवरचा चालतो: वैयक्तिक चेकच्या तळाशी सहसा सर्वांत डावीकडचे नऊ आकडे. कंपनीच्या चेकवर मात्र डावीकडे आधी चेक नंबर येतो, त्यामुळे नऊ आकडे मोजूनच घ्या.

राहिला तुमचा प्रश्न. भारतातून पाठवताना तुमची बँक ए-टू फॉर्म (परदेशात पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून घेईल आणि मुलाच्या बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख कोड, मागेल. राउटिंग नंबरही मागू शकते. मुलाला नुसता 'राउटिंग नंबर दे' म्हणालात तर तो ॲपमध्ये समोर दिसेल तो पाठवून देईल. त्याला सांगा, बँकेत लॉगिन करून परदेशातून येणाऱ्या वायरसाठीची माहिती काढ आणि तीच जशीच्या तशी पाठव. खात्यावरचं नावही तिथलंच घ्या, पासपोर्टवरचं नको.