मेलेली बाई जिवंत झाली नव्हती : महालातल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

(थंडी आणि मरण यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत, त्याचं हे उत्तर. सही 'महालातला एक वाचक', म्हणजे आपल्या नागपूरच्या महालातला, एवढीच केलीत, पण वय ७४ लिहिलंत. मी ६१चा, म्हणून काका.)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. रक्त थांबलं की मेंदू चार-पाच मिनिटांत जातो असं मी लिहितो आणि पुढच्याच परिच्छेदात नॉर्वेतली बाई ऐंशी मिनिटांनी 'जिवंत होते', म्हणजे मला माझंच कळत नाही. दुसरं, मरण असं मागे फिरत असेल तर ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, म्हणून अवयव काढणं ही घाई झाली. तिसरं, पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने अमेरिकेत देह गोठवून ठेवणाऱ्यांची मी टिंगल केली, पण उद्या विज्ञान पुढे गेलं तर? आणि शेवटी तुमचा भाचा.

त्याच्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचा वाद आहे, हा नाही. १९८७च्या मे महिन्यात तो तलावात बुडाला, वीस-पंचवीस मिनिटांनी वर काढला, डॉक्टरांनी तपासून 'गेला' म्हणून सांगितलं. माझा लेख वाचल्यापासून तुम्हाला झोप नाही, की त्याला त्या नॉर्वेतल्या बाईसारखं हळूहळू ऊब देत मशीनवर घेतलं असतं तर?

नाही काका. तसं काही हातात नव्हतं. लेखात मी जी गोष्ट सांगायला हवी होती ती सांगितली नाही, म्हणून हा प्रश्न तुमच्या मनात आला. ती चूक माझी.

आना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर मे १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटं अडकली हे खरं, पण त्यातली पहिली चाळीसेक मिनिटं तिला बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत श्वास मिळत होता. हृदय चालू होतं आणि शरीर गार होत होतं. हृदय थांबलं ते नंतर. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात पोचली तेव्हा तिचं तापमान होतं १३.७ अंश. म्हणजे रक्त थांबलं तोवर मेंदूची भूक आधीच मंदावली होती. तापमान दहा अंश उतरलं की मेंदूची प्राणवायूची मागणी जवळपास निम्म्यावर येते, पुढे आणखी. चार-पाच मिनिटांचा हिशोब ३७ अंशांच्या मेंदूचा आहे. विसंगती वाटते ती इथे सुटते.

आपल्याकडे मे महिन्यात तलावाचं पाणी कोमट. तिथे श्वास आधी तुटतो, मग हृदय थांबतं आणि मेंदू मात्र पूर्ण भुकेला असतो. वीस मिनिटांनी त्याला ऊब देण्याचा प्रश्नच नव्हता, तो गार झालाच नव्हता. थंड पडलेल्या माणसाला गरम केल्याशिवाय मृत म्हणू नये, हा नियम डॉक्टर पाळतात तो बर्फातून काढलेल्यांसाठी. तुमच्या डॉक्टरांनी काही राखून ठेवलं नाही.

सगळा खेळ क्रमाचा आहे, आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. बावीस वर्षं या शहरात हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप, चालवलं. ऑपरेशन टेबलाशेजारी बसून पंपाकडे डोळे लावणारा माणूस, तो मी. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीचं ऑपरेशन असलं की रक्त मशीनमधून फिरवत फिरवत गार करायचं, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचायच्या. याला पाऊण-एक तास लागायचा. तापमान १८-२० वर आलं की सर्जन म्हणायचे, "पंप बंद." मग हृदय थांबलेलं, श्वास नाही, रक्त नाही, मॉनिटरवर सरळ रेघ. दर पाच मिनिटांनी मी वेळ मोठ्याने सांगायचो. तीस मिनिटांपर्यंत सगळे शांत, चाळीसच्या पुढे कुणी कुणाशी बोलायचं नाही. परत गरम करताना तर आणखी सबुरी, रक्त आणि शरीर यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही. बाहेर नातेवाईक चहा पीत बसलेले असायचे. आत त्यांचा माणूस अर्धा तास 'गेलेला' होता हे त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आमच्यातल्या कुणी त्याला मेलेला म्हटलंही नाही. त्याला थांबवलेला होता. आधी गार केला, मग थांबवला.

हाच क्रम उलटा करून बघायचा धाडसी प्रयोग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये डॉ. सॅम्युअल टिशरमन यांच्या चमूने हाती घेतला. गोळी किंवा सुरा लागून रक्त वाहून हृदय थांबलेला रुग्ण, त्याच्या महाधमनीत बर्फासारखं गार सलाईन सोडून शरीर १०-१५ अंशांवर आणायचं आणि जखम शिवायला दोनेक तास मिळवायचे. २०१९ मध्ये निदान एका रुग्णावर हे केल्याचं त्यांनी सांगितलं. पण तिथेही धावपळ मिनिटांची आहे, हृदय थांबल्यावर अर्धा तास वाट बघून नव्हे.

आता ब्रेन डेड. इथे मी तुमच्याशी जोरात भांडणार आहे, कारण तुमचं हे वाक्य वाचून एखादं कुटुंब मागे फिरलं तर कुणाची तरी किडनी जाते. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर तपासतात आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. आणि तुमच्या शंकेचं उत्तर त्या नियमांतच आहे : रुग्णाचं शरीर थंड असेल तर ही तपासणी करताच येत नाही. आधी तापमान नॉर्मलला आणा, मग पुढचं. म्हणजे नॉर्वेची शक्यता दाराबाहेरच अडवलेली आहे. ब्रेन डेड रुग्णाच्या बाबतीत हृदय व्हेंटिलेटरच्या जोरावर चालू असतं, पण डोक्यात सूज इतकी चढलेली असते की तिथे रक्तच पोचत नाही. इथे मेंदू पहिला गेला, तोही ऊबेत.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा दाखलाही तुम्ही दिलात, २०१९चा, डुकरांच्या मेंदूंचा. कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ मेंदूंत चार तासांनी खास द्रव फिरवला, काही पेशी पुन्हा काम करू लागल्या. खरं आहे. पण पूर्ण मेंदूची एकत्रित विद्युत हालचाल एकातही दिसली नाही. एखाद्या दुकानात बल्ब पेटला म्हणून सीताबर्डीचा बाजार भरला असं होत नाही.

शुक्राचार्यांच्या संजीवनीबद्दल माझा वाद नाही. कचाला तीनदा उठवलं, पण आधी गार केल्याचा उल्लेख नाही, तेव्हा तो माझा विषय नव्हे.

राहिले गोठवलेले देह. पहिला माणूस १९६७ मध्ये ठेवला गेला, जेम्स बेडफोर्ड. तो अजून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. लेखात मी त्यांना 'श्रीमंतांचं लोणचं' म्हटलं. शब्द हलका होता, मागे घेतो. मुद्दा घेत नाही. संत्र्याची एक फोड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून खा. आत पाण्याचा बर्फ झाला, फुगला, पेशी फाटल्या, लगदा झाला. हे टाळायला आता देहात औषधं भरून काचेसारखं गोठवतात, स्फटिक होऊ न देता. ही खोटी विद्या नाही. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या गर्भापासून १९७८ मध्ये मूल जन्माला घातलं आणि त्यांच्याच राज्यातल्या समितीने त्यांना खोटं ठरवलं. तुमचं 'उद्या विज्ञान पुढे गेलं तर' मी म्हणूनच हसण्यावारी नेत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात उंदरांच्या किडन्या १०० दिवसांपर्यंत अशा ठेवल्या, लोहाचे सूक्ष्म कण आणि चुंबकीय क्षेत्र वापरून आतून-बाहेरून सारख्या गरम केल्या आणि पुन्हा बसवल्या. त्या चालल्या.

पण गर्भ काही पेशींचा, आणि ती किडनी उंदराची, जिवंत उंदरातून काढलेली. देह गोठवणाऱ्यांना मात्र कायद्याने मृत्यू जाहीर होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे पुन्हा क्रम उलटा : आधी मरण, मग थंडी. त्या टाकीत ते आयुष्य थांबवून ठेवत नाहीत, नुकसान थांबवून ठेवतात, जेवढं होऊन गेलं तेवढ्यासकट.

लेखातलं 'मेलेली बाई ऐंशी मिनिटांनी जिवंत झाली' हे वाक्य काल रात्री बदललं. आता तिथे असं आहे : 'बर्फात आधी गार झालेली आणि मग हृदय थांबलेली बाई वाचली.' चटकदार राहिलं नाही, पण बरोबर आहे. त्याखाली दुरुस्तीची नोंदही ठेवली आहे.

भाच्याबद्दलचा परिच्छेद इथे सगळ्यांना दिसतोय. काढायचा असेल तर कळवा, तुमच्या प्रतिक्रियेतला आणि माझ्या उत्तरातला, दोन्ही काढतो.